‘११ए बुक करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर सुरू झालेला एक मेसेज थांबायचं नाव घेत नाही. सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे फिरून फिरून तोच. त्यातला मजकूर थोडक्यात असा: १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं विमान पडलं, आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला आणि तो ११ए वर बसला होता. १९९८ साली थायलंडच्या अपघातातून वाचलेला एक गायकही ११ए वरच होता. हा योगायोग नव्हे. ही सीट आपत्कालीन दरवाज्याला लागून असते, तिच्याखाली विमानाची सगळ्यात मजबूत चौकट असते. कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्या जादा पैसे घेतात. तेव्हा आईवडिलांसाठी नेहमी ११एच बुक करा. शेवटी हात जोडलेले, आणि ‘दहा जणांना पाठवा’.

नागपुरात या मेसेजला एक शेपूट जोडलं गेलंय: ‘मिहानमधल्या एका इंजिनिअरने स्वतः सांगितलं.’ मिहान या नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे, त्यामुळे हे शेपूट आपल्याकडे चटकन चिकटतं. नाव नसलेला इंजिनिअर फार सोयीचा असतो. त्याला फोन करून ‘काऊन बावा, असं बोलला का तू?’ म्हणून कोणी विचारू शकत नाही.

आता मुद्द्यांकडे येऊ.

आधी ११ हा आकडाच पाहा. अहमदाबादला पडलेलं विमान बोइंग ७८७-८ होतं. त्या विमानात पुढे बिझनेस क्लासच्या १८ खुर्च्या होत्या, दोन-दोन-दोन अशा तीन रांगांत. त्यानंतर इकॉनॉमी सुरू व्हायची ती थेट ११ नंबरने. मधले नंबर कंपनीने सोडून दिलेले. म्हणजे वाचलेला माणूस प्रत्यक्षात पुढून चौथ्या रांगेत होता. आता आपलं नागपूर-मुंबई किंवा नागपूर-पुणे घ्या. इंडिगोच्या ए३२० मध्ये पंखांवरचे आपत्कालीन दरवाजे १२ आणि १३ व्या रांगेजवळ असतात. ११ ही त्यांच्या पुढची साधी रांग, आणि मागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची म्हणून तिच्या खुर्च्यांची पाठ सहसा मागे जात नाही. छोट्या एटीआर विमानांत तर ११ वी रांग मधोमध येते, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांपासून लांब. एकच नंबर, तीन विमानांत तीन वेगळ्या जागा. मेसेज ऐकून जादा पैसे भरणाऱ्याला ए३२० मध्ये बहुधा न झुकणारी खुर्ची मिळते, एवढंच.

थायलंडचा मुद्दा वरवर जबरदस्त वाटतो. ११ डिसेंबर १९९८, थाई एअरवेजचं एअरबस ए३१०, सुरत थानीला उतरताना कोसळलं. आत १४६ जण होते, १०१ गेले. म्हणजे ४५ वाचले. त्या गायकाची सीट ११ए होती असं मानलं तरी उरलेले ४४ जण कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या सीटवर होतेच की! त्यांचे नंबर मेसेजमध्ये नाहीत, कारण ते जुळत नाहीत. आणि जगभरातल्या इतर अपघातांत ११ए वर बसून जे गेले, ते फॉरवर्ड पाठवायला राहिले नाहीत. एक पोरगा बोर्डात पहिला आला म्हणून तो बसायचा त्या बाकासाठी पालकांनी दरवर्षी भांडावं, तसला हा हिशेब आहे.

दरवाज्याबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, कारण इथे अर्धं सत्य आहे. अहमदाबादला ११ए खरोखरच दरवाज्याजवळ होती. पण वाचलेल्या माणसाने हॉस्पिटलमधून काय सांगितलं ते बघा. विमानाचा त्याच्या बाजूचा भाग मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाच्या तळमजल्यापाशी येऊन पडला, तिथे बाहेर मोकळी जागा होती, दरवाजा तुटलेला होता, त्यातून तो बाहेर पडला. पलीकडच्या बाजूला भिंत आडवी होती. त्याचा सख्खा भाऊ त्याच विमानात, काही सीटा सोडून बसला होता. तो गेला. विमान काही फूट इकडे-तिकडे, थोडं जास्त कललेलं पडलं असतं तर भिंत या बाजूला आली असती. इमारत कुठे असेल हे सीट बुक करताना कुठल्याच ॲपवर दिसत नाही.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या लक्षातच आलेली नाही. त्या दिवशी एकूण २६० जण गेले. त्यातले १९ विमानात नव्हतेच, ते जमिनीवर होते. दुपारी पावणेदोनच्या आत, वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवणाची वेळ. त्यांना सीट नंबरच नव्हता.

‘मजबूत चौकट’ या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. ७८७ ची ११ वी रांग पंखांच्या पुढे येते. सगळ्यात भक्कम भाग असतो तो पंख जिथे धडाला जोडले जातात तिथला. पण त्याच भागात आणि पंखांतच इंधन भरलेलं असतं. प्राथमिक चौकशी अहवालाप्रमाणे त्या विमानात ५४,२०० किलो इंधन होतं, लंडनपर्यंत पुरेल एवढं. भक्कम जागा आणि पेटणारी जागा शेजारीशेजारी असतात. शिवाय ११ए खालची चौकट इतकी भारी असती तर तिच्या शेजारच्या सीटांवरच्यांनाही तिने वाचवायला हवं होतं.

पुढे बसणं बरं की मागे, यावर तर लोक तासभर वाद घालतात. आपल्या शहरापुरतंच पाहू. १९४९ पासून रात्रीच्या टपाल विमानांचं जंक्शन होतं ते सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री इथे यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत जायची. १२ डिसेंबर १९५३ ला त्यातलं इंडियन एअरलाइन्सचं एक डकोटा सोनेगावहून उडालं आणि इंजिन बिघडून लगेच पडलं. आतल्या १४ पैकी १३ गेले. वाचला तो पायलट, सगळ्यांत पुढे बसलेला. आता ७ ऑगस्ट २०२० चा, केरळातल्या कोझिकोडचा विमान अपघात आठवा. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे. त्यांचे आईवडील नागपुरातच राहायचे, त्यामुळे ती बातमी इथल्या अनेकांना घरातली वाटली होती. तिथे १९० पैकी १६९ जण वाचले, आणि पुढे बसलेले दोन्ही पायलट गेले. बाहेरही तेच. १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात ५२० गेले आणि वाचलेल्या चौघीही शेपटीकडच्या. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला विमान धावपट्टीवर आपटून फुटलं, तिथे वाचलेल्यांपैकी बरेचसे पंखांच्या पुढच्या रांगांतले. विमान नाकावर पडतं, शेपटीवर पडतं, कुशीवर पडतं. त्याप्रमाणे ‘सुरक्षित’ जागा दरवेळी हलते.

सीटपेक्षा कशाने जास्त फरक पडतो, हे पाहायला आपल्याच देशात एक जोडी आहे. २२ मे २०१० ला मंगळूर आणि मग २०२० ला कोझिकोड. दोन्ही वेळा कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेस, विमान ७३७-८००, दुबईहून येणारं. दोन्हीकडे डोंगरमाथा कापून केलेली धावपट्टी, दोन्ही विमानं धावपट्टी ओलांडून खाली गेली. मंगळूरला १६६ पैकी ८ जण वाचले, कोझिकोडला १६९. मंगळूरला विमान पेटलं. कोझिकोडला ते तुटलं, पण आग लागली नाही, आणि आसपासचे लोक भर पावसात, कोरोनाच्या दिवसांत, धावत येऊन माणसं बाहेर काढत होते. या फरकात सीट नंबर कुठेच नाही.

‘कंपन्यांना माहीत आहे म्हणून जादा पैसे’ हे तर उलटंच. आपत्कालीन दरवाज्याच्या रांगेत पाय पसरायला जागा जास्त, म्हणून ती महाग. आणि तिथे बसणाऱ्यावर काम असतं. गरज पडली तर दार त्याने उघडायचं. एअर होस्टेस उड्डाणाआधी येऊन तसं विचारते, हो म्हणावं लागतं. लहान मुलं, गर्भवती, ज्यांना चालायला मदत लागते अशांना तिथे बसवत नाहीत. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईसाठी मेसेज वाचून ती सीट घ्याल, तर विमानात चढल्यावर तिला उठवून दुसरीकडे बसवतील.

मला या मेसेजचा राग येतो त्याचं कारण वेगळं आहे. १२ जुलै २०२५ ला प्राथमिक अहवाल आला. विमान जमीन सोडून जेमतेम काही सेकंद झाले होते, वेग १८० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३३० किलोमीटर होता, आणि दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’ (चालू) वरून ‘कटऑफ’ (बंद) वर गेले. ‘तू बंद का केलंस?’ असं एक पायलट विचारतो, ‘मी नाही केलं’ असं दुसरा म्हणतो. पुढच्या दहा-चौदा सेकंदांत स्विच परत चालू केलेले दिसतात, पण उंचीच नव्हती. स्विच का हलले, कसे हलले, २०१८ साली अमेरिकन यंत्रणेने अशाच स्विचच्या लॉकबद्दल काढलेल्या सूचनेचं पुढे काय झालं, हे विचारायचे प्रश्न आहेत. आपण ग्रुपवर खिडकीच्या सीटचे भाव विचारतोय.

‘मग घ्यायची तरी कोणती सीट?’ कोणतीही. बाहेर पडायला दार जवळ असलेलं चांगलं, एवढं अभ्यासक मानतात, आणि ‘जवळ’ म्हणजे काही रांगांच्या आत. शेजारीच हवं असं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० मधले तिथले प्रवासी विमानांचे अपघात तपासले, तेव्हा त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त लोक वाचलेले निघाले. सगळे अपघात अहमदाबादसारखे नसतात, त्यामुळे आपण काय करतो याला किंमत असते. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या खुर्च्यांच्या पाठी मोजून ठेवा, कारण धुरात दिवे दिसत नाहीत, हात लावत जावं लागतं. बेल्ट पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर आवळा.

आणि सामान. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. त्यातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. आठांपैकी तीनच दारं वापरता आली होती. कोणी वरच्या कप्प्यातून बॅगा काढत बसलं नाही. आपल्याकडे संध्याकाळचं मुंबई विमान सोनेगावला टेकतं न टेकतं तोच कप्प्यांची झाकणं खटाखट उघडतात, बेल्टचा दिवा तसाच चालू. नागपूरहून जाताना तर त्यात हमखास संत्रा बर्फीचे डबे असतात. खरी वेळ आली तर ते वरच राहू द्यायचे, आणि हे आईवडिलांना निघायच्या आधी घरीच सांगून ठेवायचं.