टाइप-सी आहे ना, मग लाव की केबल! इतकं सोपं नाहीये ते

एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. फोनला टाइप-सी पोर्ट असेल तर कुठलीही टाइप-सी टू एचडीएमआय (टीव्हीला चित्र-आवाज द्यायचं पोर्ट) केबल घ्या, यूएसबी डीबगिंग आणि ओटीजी ऑन करा, फोन टीव्हीवर दिसणारच, नेट लागत नाही, सगळी अ‍ॅप चालतात, आणि नाहीच दिसलं तर केबल डुप्लिकेट आहे, दुसरी घ्या. मी स्वतः याच नादात दोन केबल आणल्या आणि परत केल्या, दोन्ही चांगल्या होत्या, फोनच तसला नव्हता, म्हणून जरा वैतागूनच लिहितोय.

आधी ते टाइप-सीचं बघू. अहो ते नुसतं तोंड आहे, आत काय जोडलंय ते बाहेरून कळत नाही. पोर्टला 24 पिना असतात पण साध्या यूएसबी 2.0 चं (जुनं, कमी स्पीडचं यूएसबी) काम पॉवर, ग्राउंड आणि डेटाच्या दोन वायर एवढ्यावर भागतं. चित्र बाहेर काढायला वेगळ्या हायस्पीड लाइन लागतात, त्या फोनच्या चिपपासून पोर्टपर्यंत आणलेल्या असाव्या लागतात, आणि हे सगळं ज्यातून चालतं त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. स्वस्तातल्या आणि मधल्या रेंजच्या बऱ्याच फोनमध्ये हा खर्च केलेलाच नसतो. आणि गंमत म्हणजे केबलवर एचडीएमआय लिहिलेलं असलं तरी फोनमधून एचडीएमआय निघत नाही, निघतं डिस्प्लेपोर्टच, केबलच्या टोकात बसवलेली बारकी चिप त्याचं एचडीएमआय करते. म्हणून तीच केबल उलटी लावून फोनचा मॉनिटर करता येत नाही, तेही विचारणारे आहेत.

आता कोणीतरी म्हणेल, यूएसबी 3 (जास्त स्पीडचं यूएसबी) असलं की झालं. तेही नाही! आयफोन 15 चा डेटा स्पीड यूएसबी 2.0 चाच आहे तरी तो 4के चित्र देतो. गूगलच्या पिक्सेल 8 फोनमध्ये हार्डवेअर होतं पण सोय बंद ठेवलेली, 2024 च्या अपडेटनंतर चालू झाली. म्हणजे अपडेटने होऊ शकतं, पण आत लाइन असतील तरच, नसतील तर कुठलंही अ‍ॅप टाकून त्या उगवणार नाहीत.

डीबगिंगचा तर इथे संबंधच नाही. ते कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायला असतं. फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणारी काही सॉफ्टवेअर ते वापरतात, तिथूनच हा घोळ आला असावा असं मला वाटतं, पण टीव्हीकडे कुठे आहे हो तो कॉम्प्युटर? उगाच चालू ठेवू नका, अनोळखी मशीनला फोन लावला आणि घाईत परवानगी दिलीत तर भलतंच होईल. ओटीजी म्हणजे फोनला पेनड्राइव्ह, माऊस वगैरे जोडायची सोय, बास.

केबल डुप्लिकेट हे मात्र कधीकधी खरं असतं, पण वेगळ्या कारणाने. दोन्हीकडे टाइप-सी असलेली चार्जरसोबतची केबल मॉनिटरला लावून बघतात लोक, ती बहुतेक वेळा यूएसबी 2.0 ची असते, चित्र नेणाऱ्या वायर तिच्यात नसतातच, मग फोन चार्ज होतो आणि स्क्रीन काळी. तिथे खुशाल केबलला शिव्या द्या.

आणि सगळी अ‍ॅप चालतात म्हणे. पैसे भरून बघायच्या सिनेमांना एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, मधल्या अ‍ॅडॅप्टरला ते जमत नसेल तर मेनू दिसतो पण सिनेमा लावला की काळं. ऑल्ट मोड नसलेल्या फोनसाठी डिस्प्लेलिंकवाले अ‍ॅडॅप्टर मिळतात, त्यांचं अ‍ॅप स्क्रीनवरचं चित्र पकडून, कॉम्प्रेस करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतं. फोटो, प्रेझेंटेशनला ठीक, पण कुलूप असलेला सिनेमा तिथेही काळाच.

तर केबल घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधा, नुसतं टाइप-सी लिहिलंय त्यावर जाऊ नका. तिथे काहीच नीट लिहिलेलं नसेल तर ज्याच्याकडे चालू असलेली केबल आहे त्याच्याकडे फोन नेऊन लावून बघा, दोन मिनिटांचं काम. आणि फोन चालणारा निघाला तर चार्जिंगचं वेगळं भोक असलेला अ‍ॅडॅप्टर घ्या, कारण पोर्ट एकच, तो टीव्हीला गेला की बॅटरी उतरायला लागते आणि मॅचच्या शेवटच्या ओव्हरला फोन बंद.