‘हुबेहूब तीच खरी कला’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं सार असं: हाताने काढलेलं हुबेहूब चित्र हीच खरी कला. फोटो म्हणजे बटण दाबणं, छापलेलं चित्र म्हणजे नक्कल, अमूर्त चित्र लहान पोरही काढेल, आणि कलाकाराने स्वतः घडवलीच नाही अशी वस्तू म्हणजे शुद्ध फसवणूक. वाचायला खणखणीत आहे. एकेक मुद्दा हातात घेतला की मात्र निसटायला लागतो.

आधी हुबेहूबपणा. १८७७ मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँने ‘द एज ऑफ ब्राँझ’ हे पुरुषशिल्प प्रदर्शनात मांडलं. ते इतकं जिवंत दिसत होतं की माणसाच्या अंगावरूनच साचा काढलाय, असा आरोप झाला. तो खोडून काढायला रोदँला मॉडेलचे फोटो पुढे करावे लागले. हुबेहूब हीच कसोटी असती तर साच्यातून काढलेलं शिल्प सर्वांत थोर ठरायला हवं होतं. इथे तर तो ठपका होता. शिवाय आपल्याला हुबेहूब वाटतं ते तसं असेलच असंही नाही. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेल्या, इंग्लंडमधल्या एप्समच्या घोडेशर्यतीत घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही खूर अधांतरी असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ‘अगदी खरा’ म्हणून पाहिलेला घोडा तसा धावतच नव्हता. जेरिकोच्या चित्रातला वेग त्यामुळे कमी होत नाही, हेही खरं.

फोटोचं थोडक्यात सांगता येईल. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा ठाऊक होता त्यावरून त्याने हिशोब केला. दुसरा फोटो घेईपर्यंत गावातल्या दफनभूमीच्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. बटण एकदाच दाबलं. पण त्या एका निगेटिव्हवरून तो पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमधलं आकाश फिकट, ढगाळ आहे, नंतरच्यांत ते जवळजवळ काळंभोर होत गेलं. हे बटणाचं काम नव्हे, डार्करूममधलं.

‘छापलेलं म्हणजे नक्कल’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यामागे मुद्राचित्रणाची, म्हणजे ठोकळ्यावर किंवा पत्र्यावर चित्र घडवून त्याचे ठसे काढण्याच्या कलेची, काहीच माहिती नाही. नक्कल म्हणायची तर आधी अस्सल कुठेतरी असायला हवं. जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध ‘लाट’ (साधारण १८३१) घ्या. अशा जपानी काष्ठमुद्रांत, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्रांत, चित्रकाराचं रेखाटन पातळ कागदावर असे. तो कागद लाकडी ठोकळ्यावर उलटा चिकटवायचा आणि त्याच्यासकट लाकूड कोरायचं. कोरता कोरता रेखाटन नष्ट व्हायचं. जगभर पसरलेल्या त्या प्रिंट ज्याची नक्कल म्हणाव्यात असं चित्रच उरत नाही. प्रिंट हीच कलाकृती.

अम्लरेखन (एचिंग) तर आणखी वेगळं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो खरवडत रेषा काढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खात जातं. फिकट हव्या त्या रेषा लवकर झाकून टाकायच्या, गडद हव्या त्यांना पुन्हा आम्लात सोडायचं. मग शाई भरायची, वरची शाई कापडाने आणि तळव्याने पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चित्र उलटं उमटणार, हे धरूनच सगळी आखणी. पुसताना हात किंचित हलका पडला तरी प्रिंटचा सूर बदलतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने ‘थ्री क्रॉसेस’ (१६५३) या पत्र्यावर आम्ल न वापरता, मुख्यतः थेट सुईने काम केलं आणि पुढे तोच पत्रा पुन्हा हाती घेऊन बऱ्याच आकृत्या खरवडून टाकल्या, वर काळ्या रेषांचा मारा केला. दोन्ही ठसे शेजारी ठेवले तर एकाच पत्र्याचे आहेत यावर विश्वास बसत नाही. दुकानात मिळणारं छापील पोस्टर ही नक्कलच, ते कबूल. पण या दोन गोष्टी एका पारड्यात टाकणं म्हणजे कमालच.

अमूर्त चित्र लहान पोर काढेल? २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. नामवंतांची अमूर्त चित्रं, जवळपास तशीच दिसणाऱ्या मुलांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांशेजारी ठेवली. नावाच्या चिठ्ठ्या अदलाबदल करूनसुद्धा लोकांनी चित्रकाराचं चित्र निवडलं ते नाणेफेकीपेक्षा जास्त वेळा. चुकलेही बरेच, पण ‘काही फरकच नाही’ एवढं तरी म्हणता येत नाही. आणि हुबेहूब जमत नाही म्हणून अमूर्ताकडे वळतात, हा समज डच चित्रकार मोंद्रियानची झाडं ओळीने पाहिली तरी जावा. आधी ओळखू येणारं झाड, मग फांद्यांच्या कमानी, पुढे नुसत्या आडव्या-उभ्या रेषा. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलर आणि सुरी फिरवत रंगाचे थर देत आणि काढत. त्यांच्या हातून वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण होत.

राहता राहिला ‘स्वतः घडवलं नाही’ हा मुद्दा. तो काटेकोर लावला तर ब्राँझचे बहुतेक पुतळे बाद. रोदँ मातीत काम करायचा. धातू ओतणारे दुसरेच, आणि त्याची संगमरवरी शिल्पंही बरीचशी सहायकांनी कोरलेली. होकुसाईचे ठोकळेही कोरक्यांनी कोरले आणि छापणाऱ्यांनी छापले. मांडणशिल्पांत (वस्तू जागेत मांडून केलेल्या कलाकृतींत) फुकाचा बडेजाव असतो, काही बघून मलाही जांभई येते. पण रटाळ तैलचित्रं काय कमी आहेत?

अशा मजकुरांत हटकून येतं ते फ्रेंच कलाकार द्युशाँने कलाकृती म्हणून पुढे केलेलं तयार मूत्रपात्र, १९१७ चं. ते न्यूयॉर्कच्या ज्या प्रदर्शनासाठी पाठवलं, तिथे परीक्षकच नव्हते. शुल्क भरलं की कुणाचंही काम लागेल, असं जाहीर केलेलं होतं. तरी ते लोकांसमोर ठेवलं गेलं नाही. कला कोणती हे कोण ठरवणार, हा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि त्यासाठी वस्तू सुबक असण्याची गरजही नव्हती. मूळ वस्तू पुढे हरवली. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक प्रतिकृती १९६४ मध्ये द्युशाँच्या संमतीने, जुन्या फोटोच्या आधारे कारागिरांकडून घडवून घेतलेल्या आहेत.