विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर?

"त्या लोकांचा डॉक्टरांवर विश्वासच नसतो, आपण काय करणार?" एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या, इथल्या न्यू जर्सीतल्या एका संस्थेत मी स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे हे सारखं कानावर पडतं. 'ते लोक' म्हणजे कृष्णवर्णीय. मला दरवेळी संताप येतो.

मग कुणीतरी टस्कीगीचं नाव काढतं. अलाबामात 1932 पासून सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना, रोग कसा वाढतो ते पाहायला, उपचारांविना ठेवलं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. 1972 मध्ये बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं, आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला 1997 उजाडलं. भयंकरच आहे. पण जुन्या पापाकडे बोट दाखवलं की आजच्या वागण्यावर बोलावं लागत नाही, हेही मी पाहतेय.

एका तरुणासोबत दवाखान्यात गेले होते. आमच्या पुढच्या गोऱ्या गृहस्थांना खिडकीवरून हसून आत पाठवलं. याचं विम्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, वर ओळखपत्र दोनदा मागितलं. आत गेल्यावर प्रेपचा, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाचा, विषय त्यालाच काढावा लागला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "रोज नेमाने घेशील ना?" तो बाहेर आला तो मान खाली घालून. त्याने परत का यावं?

प्रेपची गोळी अमेरिकेत 2012 पासून आहे. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण 12-13 टक्के, नव्या एचआयव्ही निदानांत मात्र एक तृतीयांशाहून जास्त. तरी गरजेच्या मानाने त्यांच्यापर्यंत हे औषध गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पोचतं.

आपण भारतीयांनीही अंग झटकू नये. 1980च्या दशकात भारतात परदेशी विद्यार्थ्यांच्या एचआयव्ही चाचण्या सुरू झाल्या तेव्हा संशयाची नजर आफ्रिकी मुलांवरच होती. इथेही मराठी घरांतून "त्या वस्तीत जपून हं" ऐकू येतंच.

संवेदनशीलतेच्या कार्यशाळा पुष्कळ झाल्या. स्वतः एचआयव्हीसोबत जगत इतरांना सावरणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना संस्था गिफ्ट कार्डावर राबवते, पगार मात्र समन्वयकांना. त्यांना पगारी नोकरी द्या, अनुदान कुठे खर्च करायचं ते ठरवताना त्यांना मताचा अधिकार द्या. येत्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत मी हे लेखी मांडणार आहे. जवळपास राहणाऱ्या कुणाला सोबत यायचं असेल तर मेसेज करा.