गव्हर्नर व्हायचंय? आधी व्हाइट हाउसात डोकावा

उद्या तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचे गव्हर्नर झालात (आपल्या लोकांनी तिकडे काय काय नाही केलं, हेही होईल), तर पहिल्याच पत्रकार परिषदेत प्रश्न येणार: कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना हुडकणं, पकडणं, परत पाठवणं हे काम राज्याचं की केंद्राचं? गडबडून राज्यघटना उघडायला जाऊ नका. व्हाइट हाउसात कोण बसलंय तेवढं बघा. आपला माणूस असेल, तर केंद्र सर्वोच्च. समोरच्या पक्षाचा असेल, तर राज्यांचे हक्क प्राणाहून प्रिय.

समजा, तुम्ही रिपब्लिकन आहात आणि वर डेमोक्रॅट बसलाय. मग 'केंद्र झोपलंय, म्हणून आम्हाला उठावं लागलं' हे घोकून ठेवा. २०१० साली ॲरिझोनाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी याच चालीवर, राज्याच्या पोलिसांना लोकांची कागदपत्रं तपासायला लावणारा कायदा केला. ओबामा सरकार कोर्टात गेलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वादातल्या चारपैकी तीन तरतुदी उडवल्या, चौथी तूर्त ठेवली, आणि ब्रूअरबाईंनी निकालाला विजय म्हटलं. पंचवीस टक्क्यांत पहिला वर्ग मिळवता आला पाहिजे.

खरा अभ्यास करायचा तर टेक्ससच्या ग्रेग ॲबट यांचा. २०२३च्या जुलैत त्यांनी ईगल पास गावाजवळ मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीत हजारेक फूट लांबीची, मोठाल्या नारिंगी गोळ्यांची माळ सोडली. गोळ्यांच्या मधे दातेरी चकत्या, कोणी चढायला जाऊ नये म्हणून. केंद्राने दावा ठोकला तो कशाखाली? १८९९चा नद्या-बंदरांचा कायदा: जलवाहतुकीच्या नदीत विनापरवाना अडथळा! मग नामांकित वकील आणि न्यायाधीश, या पट्ट्यातून होडी जाते का, पूर्वी कधी जायची का, याचा काथ्याकूट करत बसले. वर्षभराने अपील कोर्टाने तूर्त ॲबट यांच्या बाजूने कौल दिला आणि गोळे तरंगत राहिले. त्याच नदीत माणसं बुडत होती, पण तो मुद्दा त्या कायद्यात कुठे बसत नव्हता.

दरम्यान, २०२४च्या जानेवारीत टेक्ससच्या नॅशनल गार्डने (म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याने) गावची नदीकाठची बागच ताब्यात घेतली आणि केंद्राच्या बॉर्डर पेट्रोलला फाटकाबाहेर ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राला टेक्ससने काठावर लावलेल्या काटेरी तारा कापायची मुभा दिली. टेक्ससने आणखी तारा लावल्या. लावू नका, असं निकालात कुठे म्हटलं होतं? अशा वेळी 'राज्यावर आक्रमण झालंय' असं जाहीर करायला मात्र विसरू नका. आक्रमण झालं तर राज्याला स्वतः लढता येतं, असं घटनेत आहे. आक्रमक कडेवर पोरं आणि हातात प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आले तरी चालतात.

आता वर ट्रम्प आणि खाली तुम्ही डेमोक्रॅट असाल, तर पाटी पुसा. ॲरिझोनाच्या वेळी 'एका देशाला एकच स्थलांतर धोरण' म्हणून घसा कोरडा केला होता, तो विषय काढायचा नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून आपल्या पोलिसांना या कामातून बरंचसं बाजूला काढलं, ते वाचा. आयसीई, म्हणजे स्थलांतरितांना पकडून परत पाठवणारी केंद्राची यंत्रणा, स्थानिक तुरुंगाला कळवते: या कैद्याची सुटका झाली तरी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येतो. ही विनंती असते, हुकूम नव्हे. केंद्राला राज्याचे पोलिस राबवून घेता येत नाहीत, हे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळवलं कोणी? बंदूक विकत घेणाऱ्यांची चौकशी करायला नकार देणाऱ्या मोंटाना आणि ॲरिझोनाच्या शेरीफांनी, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक पोलिसप्रमुखांनी. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी, ज्यांच्या नावाने तुमचा पक्ष बोटं मोडत आला. बिनधास्त वापरा. (खरं सांगायचं तर, या गदारोळात कायद्याला धरून असलेला मुद्दा बहुधा हाच.)

२०२५ सालाने तर दोन्ही पक्षांचं काम सोपं केलं. जूनमध्ये ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांना धाब्यावर बसवून कॅलिफोर्नियाचाच नॅशनल गार्ड, स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शनं चालू असलेल्या लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर उतरवला. ऑक्टोबरमध्ये टेक्ससचे जवान इलिनॉयला निघाले. केंद्राला बागेत पाऊल टाकू न देणाऱ्या ॲबट यांनी दुसऱ्याच्या राज्यात जायला खुशाल परवानगी दिली. इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर ओरडले, हे तर आक्रमण! म्हणजे भाषणंही नव्याने लिहायला नकोत, एकमेकांकडून मागून घ्या.

आणि तुम्ही गव्हर्नर वगैरे नसून डॅलसला किंवा एडिसनला ग्रीन कार्डवर राहणारे साधे जोशी-पाटील असाल, तर कार्ड कपाटात पासपोर्टशेजारी जपून ठेवू नका. अठरा वर्षांवरच्या बिगरनागरिकाने ते कायम जवळ बाळगावं, असा १९५२पासूनचा केंद्राचा कायदा आहे. ॲरिझोनाने कार्ड जवळ नसणं हा राज्याचाही गुन्हा ठरवला होता. उडालेल्या तिनांतली ती एक तरतूद. तेव्हा याबाबत पकडायचं ते केंद्राने, शेरीफच्या माणसाचा काय संबंध, हे तुमचं म्हणणं अगदी रास्त. फक्त हायवेवर गाडी बाजूला घ्यायला लावणाऱ्याला ते ऐकवू नका. त्याच्या शेरीफने आयसीईशी करार केलेला असला, तर प्रशिक्षण घेऊन तोच केंद्राचंही काम करत असतो.