नुसत्या भागाकाराने लंडन येत नाही

मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, विमान ताशी ९००, म्हणजे आठ तास, असा विमानप्रवासाच्या वेळेचा हिशोब एका लेखात मांडलाय. वहीत ठीक आहे. प्रत्यक्षात जाताना नऊ तासांच्या पुढेच धरा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात, म्हणून येताना वेळ कमी लागतो. शिवाय ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर, विमानाचा खरा मार्ग त्याहून लांबच पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसे वाढले (दिल्लीवाल्यांना जास्त).

घड्याळाचा घोळ वेगळाच. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून "पाच तासांत लंडन!" म्हणणारे आमच्या विट्यात (सांगली जिल्हा) हमखास भेटतात.

आणि सांगलीकरांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे सात-आठ तास, वर विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, हेही मिळवावं. लेखात ते आलंच नाही.