आजचा फोटो झाला का?

रात्रीचे अकरा चाळीस. घरातले सगळे झोपलेत आणि मी बाथरूममध्ये पालथा पडून बादलीच्या कडीचा फोटो काढतोय. एक कोपर ओल्या फरशीवर, एक गुडघा कुणीतरी खाली पाडून ठेवलेल्या साबणावर, श्वास रोखलेला. बादलीच का, तर दिवसभरात दुसरं काही सुचलं नाही म्हणून. कडीवर बल्बचा उजेड पडून एक बारीक चमकदार रेघ येत होती आणि ती रेघ मला हवी होती, पण हात हलत होता, मग शटर स्पीड वाढवला, म्हणजे शटर कमी वेळ उघडं ठेवलं, तर काळोख, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता वाढवली तर वाळू सांडल्यासारखा नॉइज, आणि ट्रायपॉड कपाटावर, कपाट बेडरूममध्ये, बेडरूममध्ये बायको. ट्रायपॉड आणायची माझी टाप नव्हती. शेवटी एक बरा आला. उठलो तेव्हा मान एका बाजूला आणि मी एका बाजूला.

हे सगळं ३१ डिसेंबरच्या रात्री केलेल्या बडबडीचं फळ. त्या रात्री माणूस काय वाटेल ते बोलून जातो. कुणी वजन कमी करतो म्हणतं, कुणी डायरी लिहितो म्हणतं. मी म्हणालो, २०२४ मध्ये रोज एक फोटो काढणार, अख्खं वर्ष. वजनवाल्यांचं बरं असतं, आठवड्याभरात सगळेच विसरतात, बोलणारासुद्धा. माझ्या नशिबाने बायकोची स्मरणशक्ती उत्तम आहे आणि मुलीला ती आईकडूनच मिळालीय. नियमही मीच केले. फोटो त्याच दिवशी काढलेला हवा, जुना चालणार नाही, आणि मोबाइल नाही, कॅमेराच. हा शेवटचा नियम माझ्याकडे कुणीही मागितला नव्हता.

पहिले पंधरा दिवस मी साक्षात कलावंत होतो. पहाटे उठून गोल्डन अवर गाठायचा. सूर्य खाली असला की त्याचा उजेड वातावरणाच्या जाड थरातून तिरपा येतो, निळा वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो सोनेरी, हे मी मुलीला गदागदा हलवून उठवून समजावलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "बाबा, रोज होतं का हे?" म्हटलं हो, रोज. "मग उद्या बघते."

तिसऱ्या आठवड्यात कळलं की सूर्य रोज उगवतो पण आपण रोज उगवत नाही. मोटिव्हेशन नावाची गोष्ट म्हणजे पाहुणा असतो हो, पहिल्या दिवशी चेष्टामस्करी, दुसऱ्या दिवशी गप्पा, तिसऱ्या दिवशी बॅग भरून दारात. जिकडेतिकडे वाचलेलं असतं की २१ दिवस चिकाटीने केलं की सवय लागते, म्हणून मी २१ व्या दिवशी सकाळपासून सवयीची वाट बघत बसलो. संध्याकाळपर्यंत आली नाही. रात्री चमच्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटचा फोटो काढला आणि झोपलो.

मग जरा शोधाशोध केली. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला आणि पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात अशी ती मूळ गोष्ट होती. आता माझं नाक आहे तेच आहे, त्यामुळे तो हिशोब मला लागूच नव्हता. लंडनच्या विद्यापीठात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरोखर माणसं घेऊन पाहिलं तर सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि रेंज काय, तर १८ ते २५४! म्हणजे घरातून निघालोय, अठरा मिनिटांत येतो नाहीतर रात्री येतो, असं. पण त्यात एक वाक्य मला फार आवडलं होतं की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीचं फारसं बिघडत नाही. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. वेळेला उपयोगी पडेल म्हणून बाजूला ठेवून दिलं.

साठाव्या दिवशी म्हणजे २९ फेब्रुवारीला मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या २९ या आकड्याचा फोटो काढला, बाकी सगळं ब्लर, आणि काय सुचलंय म्हणून स्वतःवरच खूश झालो. सहासष्टावा दिवस आला आणि गेला. सवय एकच लागली होती, ती म्हणजे रात्री साडेअकरानंतर घरभर भूत फिरल्यासारखं फिरायची. त्या वर्षात मी काय काय टिपलं म्हणता, कपड्यांचे चिमटे, नेलकटर, एकटा मोजा, मग दोन दिवसांनी त्याचा जोडीदार, दाराची कडी, दाराची दुसरी कडी. फोटो फारच रद्दी आला तर ब्लॅक अँड व्हाइट करायचा, लगेच त्यात दुःख येतं. मोज्यात सुद्धा येतं, खोटं वाटेल तर करून बघा.

एक काळ खिडकीचा झाला. कारण मला योसेफ सुदेक सापडला. प्रागमधला फोटोग्राफर, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, आणि या माणसाने १९४० ते १९५४ आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. कधी काचेवर दव, कधी बाहेरचं वाकडं झाड. एका हाताने, त्या अवजड कॅमेऱ्यांसह, चौदा वर्षं! मी म्हटलं आपल्याला दोन हात आहेत आणि खिडकी पण आहे. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसतो. सलग नऊ दिवस मी पाइप काढला. सकाळचा पाइप, दुपारचा पाइप, धुरकट पाइप. दहाव्या दिवशी बायकोने विचारलं की धुरकट का येतोय, म्हटलं ते वातावरण आहे, मूड आहे. तिने फडकं आणून काच पुसली. मूड गेला. नुसता पाइप राहिला.

त्यानंतर थेंब. नळाचा थेंब खाली पडताना हवेत पकडायचा. यात प्रेरणास्थान हॅरल्ड एजर्टन, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्रोफेसर, ज्यांनी फ्लॅशच्या सूक्ष्म लखलखाटात दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट पकडला. १९३६ चा एक प्रसिद्ध आहे आणि १९५७ चा रंगीत तर विचारूच नका, म्हणजे मधली वीसेक वर्षं ते अधूनमधून थेंबाच्याच मागे होते. माझ्याकडे रात्री झोपेपर्यंतचा वेळ होता. एकशे चाळीस फोटो काढले. पन्नासेक फोटोंत थेंब यायचा होता, पन्नासेक फोटोंत येऊन गेला होता, आणि उरलेल्यांत एलईडी दिव्याच्या लुकलुकीने आडवे काळे पट्टे, कारण आवाज नको म्हणून मी कॅमेरा सायलेंट मोडवर टाकला होता. थेंबाची वाट बघता बघता झोप लागली आणि पहाटे मुलीने विचारलं की नळ गळतोय म्हणून बाबा राखण करतायत का. नळ खरंच गळत होता. बायको चार महिन्यांपासून तेच सांगत होती.

घरच्यांचे हाल मी वेगळे सांगत नाही. कुणी जांभई दिली की क्लिक, कुणी वाकलं की क्लिक. बायकोला एकदा सडकून ताप होता आणि मी थर्मामीटरचं रीडिंग बघायच्या आधी त्याचं रिफ्लेक्शन बघितलं, यावरून जे झालं ते झालं. माझ्या बाजूने न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंगस्टन होता ना. त्याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड, म्हणजे जागच्या जागी छापून बाहेर येणारा फोटो, काढला, २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे तो गेला त्या दिवसापर्यंत. साडेअठरा वर्षं आणि रोज एकच, कारण पोलरॉइडमध्ये डिलीट नाही, बटण दाबलं की आला तो तुमचा. हे मी घरी मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. बायको बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "साडेअठरा वर्षं? तू एकच वर्ष म्हणाला होतास हां."

२५४ दिवस उलटले, सवयीची शेवटची गाडीही गेली, आणि बरोबर आठवड्याने ती सुरुवातीला सांगितलेली बादली. खरं सांगायचं तर त्या रात्री सोडून द्यायचं पक्कं केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी एक चमत्कार झाला. संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला तर त्या तारखेच्या नावाने एक फोटो आधीच दिसत होता. चला, म्हणजे आजचा कधीतरी काढून झालाय! कधी काढला, कशाचा काढला, बघितलंसुद्धा नाही. वर्षभरातली ती एकच संध्याकाळ मी नीट घालवली. पाय वर करून बसलो, साडेनऊला झोपलो, मान पण थांबली दुखायची. त्या एका सुट्टीच्या जोरावर पुढचे साडेतीन महिने ओढले.

३१ डिसेंबर. शेवटचा फोटो कॅमेऱ्याचाच काढला, आरशात. फोल्डर उघडून खाली बघितलं, ३६५ आयटम्स. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दोघींना बोलावून तो आकडा दाखवला, आवाज जरा घोगरा झाला होता माझा. मुलगी माऊसने वर वर जात फोटो बघत होती, मोजा, मोजा, पाइप, पाइप, पाइप, आणि फेब्रुवारीत येऊन थांबली.

"बाबा, हा कॅलेंडरचा २९ आहे ना?"

"हो. कॉम्पोझिशन बघ."

"मग वर्ष ३६६ दिवसांचं होतं."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघं तारखा लावत बसलो. जानेवारी बरोबर. ऑगस्ट बरोबर. १६ सप्टेंबर आहे, १८ सप्टेंबर आहे, १७ नाही. अठराच्या फोटोवर क्लिक केलं, बादलीची कडी, ती चमकदार रेघ, फोकस अगदी टकाटक. वेळ ००:०४.

मी राखून ठेवलेलं लंडनचं संशोधन बाहेर काढलं. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, सिद्ध झालेलं आहे. बायको म्हणाली, "हे तुला कधीपासून माहितीये?" मी म्हटलं जानेवारीपासून. "म्हणजे मला ताप होता तेव्हाही माहिती होतं." यावर संशोधनात काही दिलेलं नाही.

दोघी उठून गेल्यावर मी हळूच फोटोचा मेटाडेटा, म्हणजे त्याच्यासोबत साठवलेली तारीख-वेळ, उघडला. वेळ पाच मिनिटं मागे घ्यायची सोय त्यात असते, एका खिडकीत आकडा टाकायचा आणि ओके म्हणायचं. मग बादली सतराची होते आणि भोक पडतं अठराला, म्हणजे तेही व्यर्थच, पण निदान बादलीला न्याय मिळाला असता. आकडा टाकला. बोट ओकेवर नेलं. मागे बायको कधी येऊन उभी राहिली होती कळलंच नाही.

"बादली अजून तिथेच आहे," ती म्हणाली आणि दिवा घालवून झोपायला गेली.