टेप-सुधारक व्हायचंय? या, बसा
गेल्या आठवड्यात रात्री अडीचपर्यंत जागून मी एक 'अपग्रेड', म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगची सुधारलेली प्रत, टॉरेंटवरून उतरवून घेतलं. लेड झेपेलिन हा रॉक बँड, १९७३, युरोप टूर, ऑडियन्स रेकॉर्डिंग (प्रेक्षकांत बसून चोरून केलेलं), 'नवीन सोर्स, क्रिस्टल क्लिअर, आजवर कुणीच न ऐकलेलं'. नवीन सोर्स म्हणजे त्याच शोची वेगळी मूळ टेप. सीड करणारा, म्हणजे आपल्या मशीनवरून फाइल इतरांना देणारा, एकच महात्मा, तोही मधेच झोपायला जाणारा. ९९ टक्क्यांवर तीन तास अडकलेलं. ते दुःख ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

असो. त्या रात्री मला ज्ञान झालं. बूटलेगच्या, म्हणजे अशा चोरट्या कॉन्सर्ट-टेपांच्या, छंदात नाव कमवायला कॉन्सर्टला गेलेलं असावं लागत नाही, कान लागत नाहीत, लाज तर अजिबात लागत नाही, लॅपटॉप आणि एक फुकटातलं सॉफ्टवेअर झालं की काम झालं. तेव्हा नवोदितांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

पहिलं म्हणजे टेपसोबत आलेली टेक्स्ट फाइल उडवा. कुठला माईक, कुठला डेक (रेकॉर्डर), मास्टर (मूळ टेप) आहे की तिसरी जनरेशन (कॉपीची कॉपी), कॅसेटवरून संगणकात ट्रान्सफर कुणी केली, कशावर केली, कुठं टेप तुटलीय... एवढं वाचणार कोण? शिवाय त्यात आधीच्या लोकांची नावं असतात आणि त्या जागी तुमचं नाव घालायचंय. 'रीमास्टर्ड बाय' आणि पुढं तुमचं टोपणनाव, सगळं कॅपिटलमध्ये. झाला लिनिएज, म्हणजे टेपचा वंशवृक्ष.

तारीख अंदाजे टाका. बॉब डिलनची १९६६ची मँचेस्टरची टेप वर्षानुवर्षं 'रॉयल अल्बर्ट हॉल' म्हणूनच फिरली की नाही? १९९८ मध्ये अधिकृत निघाली तेव्हाही कव्हरवर अवतरणचिन्हांत अल्बर्ट हॉलच होता. (ती ऑडियन्स टेप नव्हती, माहितीय मला, लगेच धावून येऊ नका.) तिथं खपलं तर तुमचंही खपेल.

फाइल एमपीथ्री असेल तर तिची फ्लॅक (आवाज न छाटणारी मोठी फाइल) करा. साइज फुगते, लोक खूश होतात. कुणी आगाऊ माणसानं स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजाच्या वारंवारतेचं चित्र, उघडून बघितला आणि १६ किलोहर्ट्झच्या वर पट्टीनं रेघ मारल्यासारखा काळोख दिसला (एमपीथ्रीनं छाटलेला भाग तो), तर म्हणा की जुन्या कॅसेटवर तेवढंच येतं. कॅसेटवर त्याच्या वर नुसती हिस (टेपचा स्स आवाज) असते हे खरंय हो, पण ती हिस असते. ती हळूहळू विरत जाते, कात्रीनं कापल्यासारखी संपत नाही. पण हे तुम्हाला कळायचं कारण नाही.

स्पीड मात्र सुधारू नका. टेपरच्या, म्हणजे लपून रेकॉर्ड करणाऱ्याच्या, डेकची बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरते आणि नंतर वाजवताना गायक प्लांट खारीसारखा किंचाळतो. जिथं खरंच हात लावायची गरज आहे तिथं लावायचा नाही, हा नियम पाळा.

आता मुख्य काम. माणसं काढा.

ऑडियन्स रेकॉर्डिंगमध्ये ऑडियन्स ऐकू येतं ही किती मोठी चूक आहे! टाळ्या, शिट्ट्या, 'खाली बस' म्हणून ओरडणारे, सगळे गाळून टाका. नॉइज रिडक्शनचा खटका शेवटपर्यंत ओढा, मग थोडा अजून ओढा, वर एआयवाला फिल्टर फिरवा. आता मी उतरवून घेतलेल्या त्या अपग्रेडमध्ये काय झालंय सांगतो. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे गाणं चालू आहे. तेव्हा ते अर्ध्या तासाच्या आसपास चालायचं, म्हणजे कॅसेटच्या ४५ मिनिटांच्या बाजूवर टेपरची कायम पंचाईत. गिटारिस्ट पेज व्हायोलिनची बो घेऊन गिटारवर ओढायला लागतो, हॉल एकदम गप्प होतो, आणि तिथं माईकच्या अगदी शेजारचा एक माणूस दोनदा खोकतो. शेजारची बाई त्याला काहीतरी म्हणते, शब्द कळत नाहीत, आणि तो हसतो. ५० वर्षं झाली, अजून खोकतोय, अजून हसतोय. त्या खोकल्यावरून मी ही टेप झोपेतसुद्धा ओळखेन. तर आमच्या या सुधारकानं काय केलंय, खोकल्याच्या जागी कुणी गुळण्या करावं तसा आवाज आहे, ड्रमर बोनमच्या झांजा पाण्याखाली वाजताहेत, बाईचं वाक्य गायब आणि तिच्यामागचं ते हसणं अर्धं तसंच राहिलंय, अंधारात कुणी उगाच खिक् करावं तसं. मी दचकलो खरंच. आणि बोचा आवाज? तो त्या सॉफ्टवेअरला हिसच वाटला असणार, कारण तोही गेलाय! अरे ज्यासाठी माणूस ती टेप लावतो तेच पुसलं, आणि वर 'क्रिस्टल क्लिअर'?

मग टेप उलटण्याची जागा आली. तिथं गाणं तुटतं. मी जेव्हा ही कॅसेट एका ओळखीच्याकडून आणून ट्रान्सफर केली होती तेव्हा त्या जागी दुसऱ्या शोचा तुकडा चिकटवायचा नाही असं ठरवून २ सेकंदांची शांतता ठेवली होती, आणि फाइलमध्ये तसं लिहिलंही होतं. ती २ सेकंदं जशीच्या तशी होती.

म्हणजे 'नवीन सोर्स' माझाच. माझंच पोरगं, केस भादरून, नाव बदलून माझ्याच दारात.

शेवटची टीप, सीडीवर घालून विका. फुकट मिळालेलं विकण्यात जी मजा आहे ती कशात नाही.

आणि टेपरचा विचार तर मनात आणूच नका. मूर्ख होते ते. माइक मिलार्ड नावाचा एक होता, धडधाकट माणूस, पण भलामोठा नाकामिची डेक आत न्यायचा म्हणून व्हीलचेअरवर बसून जायचा. २१ जून १९७७ची झेपेलिनची लॉस एंजेलिस फोरमची टेप त्याचीच, 'लिसन टू धिस, एडी' नावानं जगभर गेलेली. त्यानं पैशासाठी केलं नव्हतं, १९९४ मध्ये गेलाही. आणि झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट! १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्यानं बूटलेगरचं यंत्र समजून जे फोडलं ते आवाजाची पातळी मोजायला आलेल्या लोकांचं निघालं. अशा माणसासमोर कोटात माईक लपवून तीन तास हात न हलवता बसायचं, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत, आणि अंधारात, गाणं चालू असताना, बोटांनी चाचपत कॅसेट उलटायची. तुम्ही काय केलंत? खटका ओढलात.

आता नीट ऐक. तुम्ही-आम्ही पुरे झालं. तुला टेप आवडत नसेल तर नको ऐकू ना बाबा, अधिकृत लाइव्ह अल्बम ढिगानं पडलेत, स्टुडिओत धुऊन-पुसून काढलेले, ते ऐक. तुला वाटतंय सुधारावं, घरी सुधार, स्वतःच्या हेडफोनात सुधार, कोण अडवतंय. पण नवीन सोर्स म्हणून खोटं बोलून ते वर टाकलंस तर लोक तेच उतरवतात, तेच सीड करतात, आणि मूळचं टॉरेंट शून्यावर येऊन मरतं. मेलंय ते, बघितलं मी. जाऊन बघ.

आणि माझी ती ट्रान्सफर जिच्यावर होती ती हार्ड डिस्क दोन वर्षांपूर्वी गेली. हो, बॅकअप नव्हता, माझी चूक, बोल काय बोलायचं ते. कॅसेट ज्याची त्याला परत दिली होती, आणि त्याचा आता पत्ता नाही. म्हणून तर त्या ९९ टक्क्यांसमोर तीन तास बसलो होतो.

तू उतरवलेली कच्ची फाइल, खटका ओढायच्या आधीची, अजून तुझ्याकडे असेल तर वर टाक. खोकल्यासकट. माझं नाव नको घालूस, हवं तर तुझंच राहू दे, कॅपिटलमध्ये. पण टाक.